पुढं पाठवायला मुंबई हवी

अण्वस्त्रांच्या विरोधात डॉक्टरांनी उघडपणे बोललं पाहिजे, असं मी आज मानतो. १९९८ मध्ये मी याच्या बरोबर उलट मताचा होतो. ते मत घाईत बनलेलं नव्हतं आणि नंतरही कितीतरी वर्षं मी ते सोडलं नाही. ते काय होतं आणि कशानं बदललं, हे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माझ्या डॉक्टर मित्रांसाठी लिहितो आहे. आणि त्यांच्याहूनही जास्त, या भागात आज डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी.

मी अंबरनाथचा. वडील आयुध निर्माणीत, म्हणजे आमच्या बोलण्यात ‘ऑर्डनन्स’मध्ये होते. १९७१ च्या लढाईत ते घरी यायचे ते झोपण्यापुरते, असं आई सांगायची. नौदलासाठी संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही आमच्याच गावात आहे. देशाचं संरक्षण ही आमच्याकडे नुसती पेपरात वाचायची गोष्ट नव्हती. त्यावर घर चालायचं, आमच्या फिया भरल्या जायच्या. मी डॉक्टर झालो तो त्याच पगारावर. ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणच्या चाचण्या झाल्या, तेव्हा मी दवाखान्यात पेढे वाटले. अगदी मनापासून वाटले. त्या आनंदाला मी आज नावं ठेवणार नाही, कारण त्यात वडिलांच्या कष्टांबद्दलचा आदर होता.

त्यानंतर काही दिवसांनी एक ज्येष्ठ डॉक्टर सहीसाठी निवेदन घेऊन आले. चाचण्यांचा निषेध करणारं, डॉक्टरांच्या वतीनं लिहिलेलं. मी नम्रपणे नाही म्हटलं. डॉक्टरचं काम रुग्ण दारात आल्यावर सुरू होतं, असं मी त्यांना सांगितलं. बॉम्ब ठेवायचा की नाही हे ज्यांच्यापुढं सगळी माहिती असते त्यांनी ठरवावं. आपण हिमोग्लोबिन बघावं, रक्तदाब बघावा. शिवाय चीनकडे १९६४ पासून बॉम्ब आहे, पाकिस्तान तयारीत आहे, मग आपणच हात बांधून का बसायचं? ते थोडं हसले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहा घेऊन गेले. वाद त्यांनी घातला नाही. शांततेसाठी निघणारे मोर्चे, मेणबत्त्या, कबुतरांची चित्रं, या सगळ्याबद्दल त्या काळी मला एक अढी होती. त्यात मला हिशोब दिसत नसे, फक्त भावना दिसे.

तेव्हा माझा संध्याकाळचा दवाखाना उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात होता. उल्हासनगर मुळात लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखाच्या आसपास माणसं राहिली आणि १९४९ मध्ये त्या ‘कल्याण कॅम्प’चं उल्हासनगर झालं. माझे निम्म्याहून जास्त वयस्कर रुग्ण सिंधमध्ये जन्मलेले. त्यांच्यातले एक मधुमेहाचे जुने रुग्ण, कापडाच्या धंद्यातून निवृत्त झालेले, कराचीच्या एन. जे. व्ही. हायस्कुलात शिकलेले होते. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची ती शाळा. सिंधमधली ती पहिली सरकारी शाळा, १८५५ सालची. चाचण्यांच्या त्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “डॉक्टरसाब, अपना बम गिरेगा तो कहाँ गिरेगा? कराची पे ही ना?” आवाजात तक्रार नव्हती. पाकिस्तानबद्दल त्यांना प्रेम असायचं काही कारणही नव्हतं. घरदार सोडून आलेला माणूस तो. पण त्यांना ती शाळा, ती गल्ली दिसत होती. मी काहीतरी उत्तर देऊन साखरेचा रिपोर्ट वाचायला घेतला. माझं मत त्या दिवशी बदललं नाही. आपण नकाशावर जिथं बोट ठेवतो तिथं माणसं राहतात, एवढं मात्र तेव्हापासून मनात राहिलं.

मत बदलायला लागलं ते एका अहवालानं. भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी १९९९ मध्ये मुंबईवर अणुबॉम्ब पडला तर काय होईल याचा अभ्यास केला होता. तो प्रसिद्ध केला आयपीपीएनडब्ल्यूनं, म्हणजे अणुयुद्ध टाळण्यासाठी उभ्या राहिलेल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं. मला तो बऱ्याच उशिरा वाचायला मिळाला. हिरोशिमावरच्या बॉम्बएवढा, १५ किलोटनांचा स्फोट मुंबईवर झाला तर १ लाख ६० हजार ते ८ लाख ६६ हजार माणसं मरतील, असा त्यातला अंदाज आहे. दहापट मोठा बॉम्ब असेल तर ७ लाख ३६ हजारांपासून ८६ लाख ६० हजारांपर्यंत. शिवाय लाखो जखमी आणि भाजलेले; नंतरची कित्येक वर्षं होत राहणारे कर्करोग तर या आकड्यांत धरलेलेच नाहीत. यात कुठेही घोषणा नव्हती. वस्ती किती दाट, धक्क्याची लाट किती लांब, आग कुठवर, वारा कुठला, असा तो सगळा कोरडा हिशोब होता. मला हवा होता तसाच.

आकडा मोठा असला की मन त्यावरून घसरतं. म्हणून मी तो आपल्याकडे आणून पाहिला.

आपल्या तिन्ही गावांतल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा: भाजलेला पेशंट, डोक्याला मार लागलेला पेशंट, व्हेंटिलेटर लागणारं बाळ आलं की आपण काय करतो? प्रथमोपचार करतो, सलाईन लावतो आणि म्हणतो, “पुढं घेऊन जा.” पुढं म्हणजे कळवा, सायन, केईएम, ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती ५ लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. आज ती कितीतरी वाढली आहे. एवढ्या माणसांसाठी सरकारी मोठं रुग्णालय म्हणजे उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, खाटा दोनशेच्या आसपास, आणि तिथं मुरबाड-कर्जतकडचेही रुग्ण येतात. मग अंबरनाथचं छाया रुग्णालय आणि बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय. खासगी नर्सिंग होम भरपूर आहेत, पण गंभीर भाजलेल्यांचा वॉर्ड चालवणं हे त्यांच्या आवाक्यातलं काम नाही. आपली सगळी वैद्यकी या एका गृहीतावर उभी आहे की लोकल पकडली किंवा १०८ ला फोन केला की तासा-दोन तासांवर मुंबई आहे.

मुंबईच जळत असेल तर पुढं कुठं पाठवायचं?

उलट तिकडचे लोक आपल्याकडे येतील. रूळ शाबूत असतील तर गाडीनं, नसतील तर शिळफाट्यावरून चालत. २६ जुलै २००५ च्या पुरात माणसं रुळांवरून किती लांब चालत आली, ते आपण पाहिलं आहे. समजा, भाजलेली फक्त १० हजार माणसं कल्याणच्या पुढं पोहोचली. साठ किलो वजनाच्या आणि निम्मं अंग भाजलेल्या माणसाला पार्कलँडच्या सूत्रानं पहिल्या चोवीस तासांत १२ लिटर आरएल सलाईन लागतं, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. म्हणजे अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्या. १० हजार जणांना पहिल्या एका दिवसात २ लाख ४० हजार बाटल्या. तिन्ही गावांतली सगळी मेडिकल दुकानं आणि भिवंडीची गोदामं रिकामी केली तरी तेवढ्या मिळतील का? आणि ही फक्त सलाईनची बात झाली. शिरा शोधणारे हात, वेदनाशामकं, प्रतिजैविकं, ड्रेसिंग, त्वचारोपण, त्वचापेढी, महिनोन्‌महिने चालणारी शुश्रूषा यांचा विचारही मी अजून केलेला नाही. किरणोत्सर्गानं बाधा झालेला माणूस तर वरून धडधाकट दिसतो. उलट्या होतात, थांबतात, बरं वाटतं. मग काही दिवसांनी अस्थिमज्जा निकामी होते, प्लेटलेट कोसळतात, जंतुसंसर्ग होतो. त्याला लागणारं रक्त कुठल्या रक्तपेढीतून आणायचं? ती पेढी चालवणारी वीज कुठून आणायची?

हे कल्पनेचे खेळ नाहीत. हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५ ला सुमारे ३०० डॉक्टरांपैकी २७० डॉक्टर मेले किंवा जखमी झाले. १,७८० परिचारिकांपैकी १,६५४. डॉ. मिचिहिको हाचिया यांच्यासारखे रुग्णालयाचे प्रमुख स्वतःच रुग्ण होऊन आपल्याच रुग्णालयात पडले होते. रेडक्रॉसचे डॉ. मार्सेल ज्युनो औषधं घेऊन तिथं पोहोचले ते सप्टेंबरमध्ये, महिना उलटल्यावर. ज्यांना वाचवता आलं असतं ते तोवर गेले होते.

याच्या उलट २७ जुलै २०१९ ची आठवण बदलापूरकरांना असेल. महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टर आली, डॉक्टरांची पथकं आली, गावकरी दोर घेऊन उतरले आणि गाडीतले हजारावर प्रवासी, त्यांच्यात गरोदर बायकाही होत्या, सगळे सुखरूप बाहेर निघाले. ते शक्य झालं, कारण पूर एका ठिकाणी होता आणि बाकीचा देश उभा होता. मे २०१६ मध्ये डोंबिवलीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. बारा माणसं गेली, जखमी शंभराच्या वर. काचा घुसलेली माणसं शिवायला आसपासचे डॉक्टर रात्रभर उभे होते, त्यांत मीही होतो. एका कारखान्याच्या स्फोटानं आमची ही गत. त्या रात्री टाके घालताना मला रमणांचा अहवाल आठवत होता, आणि ‘आपलं काम रुग्ण दारात आल्यावर सुरू होतं’ या माझ्या जुन्या वाक्यात अर्थ उरला नव्हता. काही दुखण्यांत रुग्ण दारात येतो तेव्हा आपल्या हातात काहीच राहिलेलं नसतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर आपण काय करतो? काही नाही. म्हणून कुत्रा चावला की त्याच दिवशी लस टोचतो आणि लोकांना ओरडून सांगतो. अणुयुद्धावर उपचार नाही. ज्यावर उपचार नाही ते टाळणं, एवढंच वैद्यकशास्त्राला त्याबद्दल सांगता येतं, आणि हे डॉक्टरनं नाही सांगायचं तर कुणी?

हे पटू लागल्यावर मी अण्वस्त्रांविरोधात उभ्या राहिलेल्या डॉक्टरांचा इतिहास वाचला आणि त्या जुन्या अढीचं मला वाईट वाटलं. आयपीपीएनडब्ल्यू १९८० मध्ये उभी केली ती दोन हृदयरोगतज्ज्ञांनी: बोस्टनचे बर्नार्ड लाऊन आणि मॉस्कोचे येव्हगेनी चाझोव्ह. आज आयसीयूत आपण ज्या डीसी शॉकनं बेताल झालेलं हृदय ताळ्यावर आणतो, ते यंत्र लाऊन यांच्या कामातून आलं. चाझोव्ह सोव्हिएत नेत्यांचे डॉक्टर. दोन्ही देश एकमेकांवर हजारो क्षेपणास्त्रं रोखून बसले असताना हे दोघं एकमेकांना भेटत राहिले, आणि त्यांच्या संघटनेला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं. त्याच्याही आधी, १९५८ पासून, अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. लुईझ रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात लाखोंनी गोळा केले आणि अणुचाचण्यांतलं स्ट्रॉन्शियम-९० त्यांत साठतंय हे मोजून दाखवलं. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला त्यामागं त्या दातांचाही वाटा होता. मेणबत्त्या किती लागल्या ते मला ठाऊक नाही. मोजमाप मात्र डॉक्टरांनीच केलं होतं.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते मात्र आपल्या घरातलं. १९५६ मध्ये भारत सरकारनंच अणुस्फोटांच्या परिणामांवर एक पुस्तक काढलं. प्रस्तावना पंडित नेहरूंची. दौलतसिंग कोठारी यांनी ते तयार केलं आणि त्यांच्याबरोबर होमी भाभा आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. खानोलकर म्हणजे परळच्या टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळा उभ्या करणारे विकृतिशास्त्रज्ञ, आपल्या देशातल्या कर्करोग संशोधनाचा पाया घालणारे. अणुबॉम्बचं माणसाच्या शरीरावर काय होतं, हे सांगायला सरकारनं एका मराठी डॉक्टरला बोलावलं होतं. मग हा विषय डॉक्टरांचा नाही, हे मी कशाच्या जोरावर म्हणत होतो?

माझा धाकटा भाऊही ऑर्डनन्समधूनच निवृत्त झाला. त्याचं म्हणणं एकच: “दादा, बॉम्ब आहे म्हणून ते गप्प आहेत.” मी त्याला म्हणतो, १९९८ मध्ये भारत-पाकिस्तान दोघांनीही चाचण्या केल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात कारगिल झालं. ९ मार्च २०२२ ला आपलंच एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र देखभालीच्या वेळी चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती म्हणून निभावलं. आपल्या हवाई दलानं चौकशी करून तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. शिस्तीतल्या माणसांच्याही हातून चूक होते, हे आपण डॉक्टर रोज पाहतो. इथं चुकीला माफी नाही. भाऊ अजूनही माझ्याशी सहमत नाही. जेवताना आमचा वाद होतो, आणि त्याचं बोलणं मी मनावर घेतो, कारण सीमेवर काय उभं आहे हे त्याला माझ्याहून चांगलं कळतं.

म्हणून माझं मत किती बदललं आणि किती नाही, हेही सांगतो. भारतानं उद्या सकाळी एकट्यानं सगळी अण्वस्त्रं मोडीत काढावीत, असं मी म्हणत नाही. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या अंदाजानं २०२५ च्या सुरुवातीला आपल्याकडे १८० आणि पाकिस्तानकडे १७० च्या आसपास अण्वस्त्रं होती. चीनकडची याहून कितीतरी जास्त. पण पहिला वापर न करण्याचं जे धोरण आपण २००३ मध्ये जाहीर केलं, ते ढिलं होऊ नये, असं मी आज जाहीरपणे म्हणतो. २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार संमत केला, तेव्हा आपण त्या चर्चेलाही गेलो नाही. १९५४ मध्ये चाचण्या थांबवा असं जगाला सांगणारे नेहरू आपलेच. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रमुक्तीचा कालबद्ध आराखडा मांडणारे राजीव गांधीही आपलेच. तो देश निदान निरीक्षक म्हणून त्या कराराच्या बैठकीत बसावा, ही मागणी मला देशद्रोही वाटत नाही. ती आपल्याच परंपरेतली आहे.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्धाचे ढग दाटले. ७ मे ला देशभर नागरी संरक्षणाची कवायत झाली, तीत आपला ठाणे जिल्हाही होता. त्या दिवसांत आमच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका चांगल्या, मेहनती सर्जननं लिहिलं, “एकदाचा टाकाच बॉम्ब, संपवून टाका.” खाली अंगठे आले. मी पहिल्यांदा तिथं उत्तर लिहिलं. राजकारणावर एक शब्द नाही. फक्त आरएलच्या बाटल्यांचा हिशोब, आपल्या खाटांचा आकडा आणि हिरोशिमाच्या परिचारिकांचा आकडा. बराच वेळ ग्रुप शांत होता. मग त्याच सर्जनचा मला फोन आला. तो म्हणाला, “सर, असा विचार केला नव्हता.” मीही कितीतरी वर्षं केला नव्हता, आणि माझ्याकडे तर कराचीच्या शाळेत शिकलेला माणूस दर महिन्याला येऊन बसत होता.

आता या कामात आपण एकटे नाही. ‘इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट’ ही आयपीपीएनडब्ल्यूची भारतातली संघटना आहे. २००८ मध्ये या डॉक्टरांचं जागतिक अधिवेशन दिल्लीत भरलं होतं. पाकिस्तानातही अशीच डॉक्टरांची संघटना आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये जगातल्या शंभरावर वैद्यकीय नियतकालिकांनी अणुयुद्धाचा धोका कमी करा, असं सांगणारं एकच संपादकीय छापलं, आणि ते लिहिणाऱ्यांमध्ये लुधियानाचे डॉ. अरुण मित्रा आणि आपल्या ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’चे डॉ. पीयूष साहनी होते. या सगळ्यांत वैद्यकीय विद्यार्थी पहिल्यापासून पुढं आहेत, आणि तेच योग्य आहे. पुढची पन्नास वर्षं या जगात डॉक्टरकी त्यांना करायची आहे.

अंबरनाथला आता स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात तेही होतं. तिथल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. पीएसएमचा, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राचा, प्रकल्प म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या खाटा मोजा, व्हेंटिलेटर मोजा, रक्ताच्या पिशव्या मोजा, भाजलेल्या किती रुग्णांना आपण आज सांभाळू शकतो ते लिहून काढा. मी केला तो अंदाज ढोबळ आहे. तुम्ही नीट करा, माझं चुकलं असेल तर दुरुस्त करा. आणि डॉक्टर मित्रांनो, तो हिशोब हाती आला की येत्या ६ ऑगस्टला डॉक्टर संघटनेच्या आपापल्या शाखेच्या सभेत वाचा, त्यावर ठराव करा आणि आपल्या खासदारांकडे पाठवा.